चार पेले आणि मोठ्या बाई

मैत्रिणींनो, आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही. मोठं पाणी म्हणजे धरण, आणि बोट म्हणजे सिनेमात दिसते ती, एवढीच आपली ओळख. पण २०२१च्या सप्टेंबरमध्ये कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट मुंबईहून गोव्याकडे निघू लागली, आणि तेव्हापासून अकोला-अमरावतीकडच्या घरांतूनही ‘क्रूझ’ हा शब्द कानावर यायला लागला. कुणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, कुणाची रिटायरमेंट, कुणाच्या पोराला पुण्यात नोकरी लागली… निघाल्या सगळ्या! आमच्या पातूरसारख्या गावातूनही दोन-चार कुटुंबं जाऊन आली. फोटो पाहिले, तर सगळ्यांचे सारखेच. डेकवरची खुर्ची, डोळ्यांना गॉगल, मागे निळं पाणी.

बोट गोव्यात थांबते, तेव्हा काय करायचं, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

माझ्या मुलीनं गेल्या वर्षी दोन तिकिटं काढून दिली. एक माझं आणि एक माझ्या मोठ्या जाऊबाईंचं. जाऊबाई शेजारच्या गावात राहतात, शेती बघतात. आम्ही सगळे त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणतो. एप्रिलचा पहिला आठवडा होता, अकोल्याचा पारा बेचाळीसच्या वर. पातूरहून बसनं अकोला, तिथून रात्रीच्या गाडीनं मुंबई आणि संध्याकाळी बोट. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगाव बंदर आलं. बोटीवरच्या मुलीनं सांगितलं, “संध्याकाळी पाचच्या आत परत या. बोट कुणासाठी थांबत नाही.”

हातात सात-आठ तास. त्यात तीन-चार पर्याय होते. समुद्रकिनारा, जुन्या गोव्यातली चर्चेस, किंवा फोंड्याकडची सहल. मोठ्या बाईंना मंगेशी आणि शांतादुर्गा बघायची होती, म्हणून आम्ही फोंड्याच्या बसमध्ये बसलो. मंगेशीचं आणि कवळ्याच्या शांतादुर्गेचं दर्शन छान झालं. पुढे मसाल्याच्या एका बागेत जेवण होतं, आणि जेवणाआधी कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ होती, ‘स्थानिक वाइन व फेणीची चव’.

ती ओळ वाचून मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

आता हे का, ते सांगते. आपल्याकडे दारू हा चवीचा विषय नाही. तो पगाराचा, जमिनीचा आणि मारहाणीचा विषय आहे. माझे मोठे दीर दारूनं गेले. आधी देशी, मग हातभट्टीची, मग जी मिळेल ती. दोन एकर काळी जमीन गेली, बाईंच्या अंगावरचं सोनं गेलं, शेवटी यकृत गेलं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या काळात मोठ्या बाईंनी दोन मुलं कशी शिकवली, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा अशा बाईला घेऊन त्या टेबलाशी बसायचं का, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. मी म्हटलं, “बाई, आपण तिकडे बाग पाहू. इथं बसायची गरज नाही.”

त्या म्हणाल्या, “काहून? बसू नं. आपुन काय पेतो थोडंच? पाहू तरी काय दाखवते थे.”

मोठ्या बाई माळकरी नाहीत, पण एकादशी चुकवत नाहीत. त्या दिवशी एकादशी नव्हती, हेही त्यांनी बोटं मोजून पाहिलं!

टेबलावर प्रत्येकीपुढे चार छोटे पेले, मध्ये एक पाण्याचा जग आणि एक रिकामं स्टीलचं भांडं. समजावून सांगणारी पस्तिशीतली गोव्याची बाई होती, मराठी छान बोलत होती. तिनं पहिलीच गोष्ट अशी सांगितली की सगळ्या बायका हसल्या. “चव घ्यायची म्हणजे प्यायचं नाही. घोट तोंडात घ्या, फिरवा, आणि या भांड्यात टाका. जगभर असंच करतात. ज्यांचा हा धंदा आहे, ती माणसं दिवसाला पन्नास-पन्नास वाइन चाखतात, ती काय सगळी पोटात घालतात?”

मोठ्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, “इतकी महागाची अन् थुकाची? माय वं!”

पण तेच खरं होतं. आधी पेला उजेडात धरून रंग बघायचा. मग पेल्याच्या दांडीला धरून हलकेच फिरवायचा, म्हणजे वास वर येतो. मग नाक पेल्यात घालून वास घ्यायचा. मग अगदी चमचाभर घोट. आपण लोणच्याचा खार बघतो तसंच. आधी वास, मग बोटावर थेंब, मग जीभ.

पहिला पेला पांढऱ्या वाइनचा, आणि ती गोव्याची नव्हतीच. नाशिकची होती! शेनिन ब्लाँ नावाच्या द्राक्षाची. गोव्यात वाइनची द्राक्षं पिकत नाहीत, ती येतात महाराष्ट्र-कर्नाटकातून. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. पाठोपाठ २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, आणि पुढे खाण्याच्या द्राक्षांच्या शेजारी वाइनच्या द्राक्षांचे मळे वाढले. आज ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही आहे, आपल्या नागपुरी संत्र्याला आणि भिवापुरी मिरचीला आहे तसंच. एकाच जातीचं द्राक्ष, पण माती बदलली, रात्रीचा गारवा बदलला, की चव बदलते. वायगावच्या हळदीचा रंग दुसऱ्या हळदीला का येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, तसंच हे.

वाइन होते कशी? द्राक्षाचा रस काढून ठेवला की यीस्ट त्यातली साखर खातं, तिचं अल्कोहोल होतं आणि कर्बवायू निघून जातो. आंबवणं म्हणतात ते हेच. पांढऱ्या वाइनसाठी रस सालींपासून लगेच वेगळा करतात. लाल वाइनमध्ये काळ्या द्राक्षांच्या साली रसातच ठेवतात, त्यातून रंग येतो आणि तुरटपणाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते नं, तसा.

मोठ्या बाईंनी घोट घेतला, फिरवला, भांड्यात टाकला. म्हणाल्या, “दोन दिवसाचं लिंबाचं सरबत.” मला विचाराल, तर अगदी बरोबर!

दुसरा पेला ‘पोर्ट’चा. गर्द लाल आणि गोड. हे नाव पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरावरून आलं. तिथल्या डोरो नदीच्या खोऱ्यात ही वाइन होते, आणि कुठल्या शिवारातल्या वाइनला हे नाव लावायचं, त्याची हद्द तिथल्या सरकारनं १७५६ मध्येच आखून दिली. खरी पोर्ट करताना रस अर्धवट आंबला की त्यात ब्रँडी ओततात. त्यानं यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून ती गोडही असते आणि साध्या वाइनपेक्षा कडकही. गोव्यात पोर्तुगीज १५१० पासून १९६१ पर्यंत होते. ते गेले, पण नाव आणि गोड लाल वाइनची आवड मागे राहिली. नाताळात केकबरोबर ही बाटली उघडतात.

मोठ्या बाईंनी हा घोट जरा जास्त वेळ तोंडात ठेवला. टाकून दिला आणि म्हणाल्या, “खोकल्याच्या औषिदावानी लागते. पण हिचं भेव वाटते मले. गोड हाय, म्हणून पोरीसोरीले उतरंन अन् समजनारबी नाही.”

समजावून सांगणारी बाई थांबली. म्हणाली, “बाय, हे मी रोज सांगते, पण कुणी ऐकत नाही. गोड लागतं म्हणून लोक सरबतासारखं पितात आणि मग उन्हात पडतात.”

तिसरा आणि चौथा पेला खास गोव्याचा. हुर्राक आणि फेणी. या दोन्ही वाइन नव्हेत, उकळून काढलेल्या दारू. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं, हे तुम्हाला माहीत असेल. काजूचं बी बोंडाखाली लटकतं. ही बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेली वेचतात. वेचायला पहाटे बायकाच असतात. बी पिळून वेगळी करायची आणि रसाळ बोंडं चेचायची. पूर्वी दगडी कुंडीत पायांनी तुडवायचे, आता बऱ्याच ठिकाणी यंत्रं आली. रस दोन-तीन दिवस आंबवून भाटीवर चढवतात. पहिल्या वाफेतून उतरतो तो हुर्राक, सौम्य, फक्त मार्च ते मे एवढाच मिळणारा. तोच पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून उकळला, की होते फेणी. तिच्यात चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं, म्हणजे साध्या वाइनच्या तिपटीहून जास्त. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेय म्हणून मान्यता दिली.

आपल्याकडे मेळघाटात मोहाची फुलं अशीच पहाटे पडतात, अशीच बायका वेचतात. त्याचीही दारू होते. शेजारच्या मध्य प्रदेशानं २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारसा दारू म्हणून कायद्यात जागा दिली. आपल्याकडे मोह म्हटलं की आठवते ती हातभट्टी आणि पोलिसांची धाड. एकाच तऱ्हेच्या कामाला एकीकडे मान, दुसरीकडे लपाछपी. मी हे ऐकत होते आणि मनात तुलना करत होते.

तेवढ्यात फेणीचा पेला हातात देऊन त्या बाईनं सगळ्यांना विचारलं, “सांगा, कसला वास येतो?”

कुणी म्हणालं, स्पिरिटचा. कुणी नाकाला रुमाल लावला. पुण्याच्या एक मॅडम म्हणाल्या, “स्ट्राँग!” आणि हसल्या. मोठ्या बाईंनी पेला नाकाशी धरला. बराच वेळ. मला काळजी वाटली, म्हणून मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“पयले पिकल्या फळाचा येते,” त्या म्हणाल्या. “जास्त पिकलेलं, झाडाखाली पडलेलं. मंग जरासा धुराचा. लाकडावर उकळलेली हाय ही, गॅसवर नाही. अन् भांडं मातीचं असंन नाहीतर तांब्याचं. पत्र्याच्या डब्याचा वास याले नाही.”

टेबल गप्प. ती गोव्याची बाई बघतच राहिली. म्हणाली, “बाय, हे भाटीवाल्यांनाच कळतं. एवढं चांगलं नाक कुठं शिकलात?”

“घरी,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि पेला खाली ठेवला. तो त्यांनी तोंडाला लावला नाही.

मला त्या एका शब्दात वीस वर्षं दिसली. दार वाजलं की उघडण्याआधी फटीतून येणाऱ्या वासावरून त्या ओळखायच्या, आज देशी की हातभट्टीची, थोडी की फार, पोरांना शेजारी पाठवायचं की नाही. ज्याला लोक पैसे भरून, कोर्स करून शिकतात, ते या बाईला भीतीनं शिकवलं होतं.

मग त्यांनीच विचारलं, “एक सांगा बाई. तुमी एवढं कवतिकानं सांगता. इथल्या बायांची घरं बसत नाहीत काय याच्यानं?”

ती बाई क्षणभर काही बोलली नाही. मग हलक्या आवाजात म्हणाली, “बसतात की. माझ्या मामाचं बसलं. वारसा म्हटलं म्हणून दारू घर मोडायचं सोडत नाही. आमच्या घरची भाटी होती, पण आई हिशेब स्वतःकडे ठेवायची आणि वडिलांना सणाशिवाय हात लावू द्यायची नाही. मामीच्या हातात हिशेब नव्हता.”

जेवायला ताटं आली. सोलकढी पिऊन मोठ्या बाई म्हणाल्या, “हे मातर भांड्यात टाकाचं नाही!”

मैत्रिणींनो, सांगायचं ते एवढंच की चव घेणं आणि पिणं यात फरक आहे, आणि तो फरक बायकांनी समजून घेतला पाहिजे. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य आपण बरेचदा ऐकलं. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा तर फारच. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही. द्राक्ष बागायतदाराला चार पैसे मिळावेत, हे मलाही वाटतं. पण वाइनमधलं अल्कोहोल आणि देशीतलं अल्कोहोल हे रसायन एकच. प्रमाण वेगळं, बाटली वेगळी, गिऱ्हाईक वेगळं.

‘रोज थोडी वाइन हृदयाला चांगली’ हेही पूर्वी आपल्या पुरवण्यांतूनच वाचलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही. त्यानं कर्करोगाचा धोका वाढतो, आणि त्यात स्तनाचा कर्करोगही आहे. शिवाय बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढाच पेला तिला पुरुषापेक्षा जास्त चढतो. मधुमेहाच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटसुद्धा नको. पोटात बाळ असेल, तर मुळीच नको.

आणि कुणी जाणार असाल, तर या चार गोष्टी लक्षात ठेवा. चव घ्यायची की नाही, हे टेबलावर बसण्याआधी स्वतःशी ठरवा. नवरा, नणंद, बसमधली मैत्रीण, कुणी आग्रह केला म्हणून घेऊ नका आणि कुणी नाक मुरडलं म्हणून घाबरूही नका. उपाशीपोटी चाखू नका, प्रत्येक पेल्यानंतर पाणी प्या आणि भांडं पुढे करायला लाजू नका. गोव्यात दारू स्वस्त म्हणून बाटल्या पिशवीत भरू नका. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि बोटीवरही बाहेरची बाटली सहसा आत नेऊ देत नाहीत. आणि घड्याळावर लक्ष ठेवा! फोंड्याहून मुरगावला यायला तास-सव्वातास सहज लागतो. आमची बस पावणेपाचला बंदरात पोचली, तेव्हा दोन बायका अक्षरशः पदर खोचून पळत होत्या.

आम्ही दोघींनी काय आणलं? काजू, कोकमाचं आगळ आणि शांतादुर्गेचा अंगारा. रात्री डेकवर वारा सुटला होता. मोठ्या बाई खूप वेळ कठड्याशी उभ्या होत्या. एकदाच बोलल्या, “मले वाटे, हे दारूचं सगळं मानसायलेच समजते. बनते कशी, चढते कशी. कोनं सांगतलंच नव्हतं.”

याला आता वर्ष होत आलं. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या गावात बसथांब्याजवळ एक बीअर शॉपी उघडली. संध्याकाळी तिथून पोरींना जाता येईना. महाराष्ट्रात अशी तरतूद आहे, की गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी केली, तर दारू दुकानाबद्दल मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर एक बाटली उभी असते, एक आडवी. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं, की दुकान बंद होतं. लक्षात घ्या, निम्म्याहून जास्त हे एकूण मतदारांच्या, नुसत्या आलेल्यांच्या नव्हेत. म्हणून घरोघरी जावं लागतं.

सह्यांसाठी देवळात बैठक झाली, तेव्हा मीही गेले होते. गावातला एक कर्ता माणूस समजावायला आला. म्हणाला, “अवं बायाहो, तिथं देशी कुठं विकतेत? बीअर अन् वाइन हाय. थे काय दारू होये काय? मोठ्या घरच्या बाया पेतेत थे!”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मोठ्या बाई उठल्या, पदर सारखा केला.

“मी गोव्यात चाखून आली भाऊ,” त्या म्हणाल्या. “दारूच होये थे. तुमाले पेयाची असंन त पेया, पन पोरीच्या रस्त्यात नोका आनू. हं, कागद आना इकडे. पयली सही माही.”